एकच पार्ट बदलता येईल

३ नोव्हेंबर, सोमवार

ग्राफिक्स कार्ड. बस, ठरलं.

भावसिंगचा मेसेज काल आला — टीममधला एक जण निघून गेला, जागा एक, ऑनलाइन ट्रायल ३० तारखेला रविवारी सकाळी अकराला. भावसिंग आपल्याच हिंगोलीकडच्या तांड्यावरचा, आता नागपूरला पाच जणांची टीम चालवतो. वरच्या मजल्यावर खेळणारे, खाली त्याची आई अन् बायको, जेवण तिथंच. वर महिन्याला पगार. गेम खेळायचा पगार! मी इथं गुजरातेत, मोरबीत टाइल्सच्या पेट्या उचलतो, जवळपास तेवढाच. पण तो खुर्चीत बसून.

अटी तीन. खेळातली आयडी आपली. कॉम्प्युटर आपला, घरचा. अन् कॅमेरा चालू — चेहरा अन् हात दोन्ही दिसले पाहिजेत.

माझा कॉम्प्युटर घरी, आखाडा बाळापूरला. नांदेडच्या बंद पडलेल्या नेट कॅफेतून आणलेला. तवाच म्हातारा होता. दिवाळीत घरी खेळलो तर नुसता अटकून राहिला होता, एक मॅच धड गेली न्हाई. जवळ पैसे आहेत त्यात एकच पार्ट येईल. कार्ड, रॅम नाहीतर डिस्क. मी म्हणतो कार्डच.

आठवीत शाळा सोडलेल्याला असा चान्स पुन्हा येत नसतो.

५ नोव्हेंबर

संतरामभाऊला फोन केला. नांदेडला दुकान, कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिलेला. म्हणलं, कार्ड काढून ठेवा. तर म्हणाले, थांब जरा. कुठं दुखून राहिलं ते बघायच्या आधी इंजेक्शन कशाला मागतो?

एक छोटा प्रोग्राम सांगितला त्यांनी. खेळताना कोपऱ्यात आकडे दिसतात — प्रोसेसर किती दमला, कार्ड किती, रॅम किती. जो आकडा शंभराला टेकून राहील तो पार्ट बदलायचा. आठवडाभर लिहून ठेव म्हणाले, मंग बोल.

आता मी मोरबीत, कॉम्प्युटर बाळापूरला. लिहील कोण? प्रियदर्शनी. धाकटी बहीण, बारावीला आहे. तशी बी आयडी तीच जिती ठेवते. चौदा दिवस कोणी खेळलं न्हाई की आपली रँक उतरते, म्हणून मी तिला शिकवून ठेवलं — मॅच चालू कर, कोपऱ्यात लपून बस, संपली की बंद कर.

आज तिनं इचारलं, "दादा, रिडिंग घ्यायची तर लपून बसू का खेळू?"

म्हणलं, खेळ. लपून बसल्यावर मशीन दमत नसते. फक्त माझी रँक बुडवू नको.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रियानं वहीच्या पानाचे फोटो पाठवले. लेकरू हुशार आहे, तारीख-वेळ टाकून आखलंय सगळं. प्रोसेसर साठ, रॅम सत्तर, कार्ड सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. म्हणजे कार्डच! मी बराबर होतो.

खाली एक ओळ वेगळी लिहिली — सकाळी नऊ वाजता शेजारची पिठाची गिरणी चालू झाली की कॉम्प्युटर बंद पडून परत चालू होतो, म्हणून मी साडेआठला थांबते.

गिरणीचं काय घेऊन बसली. लाइट सगळीकडंच कमी-जास्त होते.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. हात चालू राहावा म्हणून मोरबीच्या गेमिंग पार्लरला गेलो. काय मशीन! पंखा बी ऐकू येत न्हाई. चित्र पाण्यासारखं. अटकायचं नावच न्हाई.

आपल्याच आयडीवर सात मॅच खेळलो. पाच हरलो.

माऊस जड होता. खुर्ची बी खाली होती.

१० नोव्हेंबर

माऊस दाबायचं पहिलं बोट सकाळी वाकत न्हाई. गरम पाण्यात धरलं तवा आलं ठिकाणावर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत भावसिंगचा फोन. ट्रायलला येणाऱ्या सगळ्यांच्या मॅच तो बघून राहिला म्हणे. मी घास हातात धरून ऐकत होतो.

म्हणाला, "सकाळच्या मॅच पाहिल्या तुझ्या. काय खेळून राहिला बे तू. पण रविवारी काय झालतं? पिऊन बसला होता का?"

सकाळच्या मॅच माझ्या न्हाईत. सकाळी मी लाइनवर पेट्या उचलत असतो. रविवारच्या तेवढ्या माझ्या.

तोंडातून निघालं — पाहुणे आले होते, ध्यान नव्हतं.

तो हसला. म्हणाला, तीस तारखेला पाहुण्यांना बाहेर बसव.

घास तसाच ठेवला ताटात.

१३ नोव्हेंबर

प्रियाच्या मॅच मोबाइलवर बघितल्या. झालेली मॅच पुन्हा बघता येते. एक बघून झोपणार होतो, चार बघितल्या.

मी कसा खेळतो — पळत जातो, आधी गोळी घालतो. ती पळत न्हाई. पहिल्यांदा वाटलं भेली. मंग ध्यानात आलं. धुराचा गोळा फुटला की आपलं जुनं कार्ड गळपटते, चित्र अटकते, मी तिथंच मरत असतो. ती धुरात जातच न्हाई. धुराच्या अलीकडं, जिथं मशीन मोकळं चालते तिथं भिंतीला टेकून थांबते, अन् समोरचे बाहेर निघाले की एक, दोन, तीन. मशीन कुठं दमणार हे तिला आधीच माहीत.

हे मी शिकवलेलं न्हाई.

अन् नेम — नेम माझा होता असा. मोरबीला यायच्या आधी.

१४ नोव्हेंबर

प्रियाला फोन करून सांगितलं, रिडिंग झाली, आता खेळू नको. आयडीला हात लावू नको.

म्हणाली, काहून? मी म्हणलं, म्हणून.

"बरं," म्हणाली. एवढंच.

भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पार्लर. ह्या वेळी हलका माऊस मागून घेतला, खुर्ची बी वर केली. सहा मॅच, सहा बी हरलो. समोरचा दिसत होता, बराबर मधोमध दिसत होता. मेंदू म्हणतो दाब. बोट उशिरा दाबते. दोन वर्षं झाली दिवसाला सहाशे-सातशे पेट्या उचलतो, एका पेटीचं वजन पंचवीस-तीस किलो. बोटं जाड झाली, मुठीत धरायची सवय झाली त्यांना. माऊस काय पेटी आहे का?

जगातलं भारी कार्ड समोर होतं. तरी हरलो. म्हणजे दिवाळीत मशीन अटकत होतं हे खरं, पण हरलो ते त्याच्यानं न्हाई.

हे लिहायला दोन दिवस लागतील वाटलं होतं. लिहिलं.

१७ नोव्हेंबर

डोक्यात एक चाललंय. चांगलं न्हाई. तरी लिहितो.

कॅमेरा एक चेहऱ्यावर, एक हातावर. चेहरा माझा. हात तिचे. ती टेबलाच्या बाजूला खाली बसली, लांब बाह्यांचा शर्ट घातला तर कोणाला कळते? निवड माझी झाली की नागपूरला गेल्यावर हात होतील मोकळे. पेट्या सुटल्या की बोटं सुटतील. महिना, दोन महिने.

१८ नोव्हेंबर

सांगितलं प्रियाला. सगळं. भावसिंग काय म्हणाला ते बी — ते सांगायचं नव्हतं, पण त्याच्याबिगर बाकीचं सांगता येईना.

 तिनं सगळं ऐकून घेतलं.

मंग म्हणाली, "दादा, हात देते मी. पण निवड झाल्यावर नागपूरला कोण खेळंल?"

मी म्हणलं, ते मी बघतो.

"तू नको बघू. सांग."

फोन ठेवला मी.  

२० नोव्हेंबर

संतरामभाऊंचाच फोन आला. कार्ड आलंय, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, घ्यायचं का सोडायचं? वहीचे फोटो त्यांना आधीच पाठवले होते. त्यांनी ती गिरणीची ओळ वाचली होती, मी सोडून दिलेली. म्हणाले, कार्ड दमलंय खरं, पण मरून राहिला तो करंट वाटून देणारा डबा, एसएमपीएस. मोठं कार्ड टाकलं तर अजून करंट ओढंल अन् गिरणी चालू झाली की पाच मिनटं बी उभं राहायचं न्हाई. "खेळ अटकला तर माणूस सावरून घेतो रे. बंदच पडला तर काय करशील?"

ट्रायल अकराला. गिरणी नऊला चालू होते.

प्रियानं पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

म्हणलं, कार्ड देऊन टाका त्याला. डब्याचं मी कळवतो.

२१ नोव्हेंबर

कळवलं न्हाई.

खरं काय ते इथं लिहितो, दुसरं कोणी वाचत न्हाई. मनात आलं, राहू दे तसंच. डबा बदलूच नको. ट्रायलच्या मधात गिरणीनं बंद पाडलं तर मशीनमुळं गेलं म्हणता येईल. भावसिंगला बी, बाबांना बी. मला बी.

२३ नोव्हेंबर, रविवार

पार्लरला गेलो न्हाई. बाबांना फोन लावला. बाबा वारंगा फाट्यावर वजनकाट्यावर असतात, ट्रक मोजत मोजत बोलतात. म्हणाले, तुझ्या डबड्यावर पोरीनं चादर टाकून ठेवली. आठ दिवस झाले ते डबडं बी गप अन् ती बी गप. दोघांना काय केलं तू?

मी म्हणलं, काही न्हाई.

"काही न्हाई केलं तर मंग काही तरी कर," म्हणाले अन् कोणा ड्रायव्हरवर खेकसले, गाडी सरळ घे म्हणून.

२४ नोव्हेंबर

संतरामभाऊंना सांगितलं — एसएमपीएस चांगल्यातला टाका, अन् त्याच पैशात बसंल तसा यूपीएस. कार्ड आहे तेच राहू द्या. जुन्या कार्डाला ओळखून खेळणारं माणूस घरात आहे, हे काही त्यांना बोललो न्हाई.

हसले. म्हणाले, पहिल्यांदा बघितलं असं गेम खेळणारं पोरगं. ह्या डब्याचे पैसे कोणी आनंदानं देत नसते, दिसत न्हाई ना तो.

रजा मागितली. पाच दिवस. सुपरवायझर म्हणाला, माणूस ठेवू का तुझ्या जागी? म्हणलं, आता नका ठेवू.

आता — असं काहून म्हणलो?

२६ नोव्हेंबर

बाबा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन नांदेडला गेले, एसटीनं. कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं तिकीट लागते. बाबा म्हणाले, पाच वर्षाच्या आतलं आहे, अजून शाळेत बी जात न्हाई. फोनवर हेच दोनदा सांगितलं.

डबा बसला. प्रियाला निरोप दिला, चादर काढ. ती "बरं" म्हणाली, पण हे "बरं" त्या दिवशीसारखं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गाडीत

कॅमेऱ्यासमोर कोण बसंल हे अजून कोणाला सांगितलं न्हाई. तिला बी वाटते मीच बसणार, ती खाली बसून हात देणार. तिनं शर्ट काढून ठेवलाय म्हणे, लांब बाह्यांचा.

मी बसलो, माझ्या हातानं खेळलो तर हरंल. तिचे हात घेतले तर जिंकंल अन् नागपूरला पहिल्या आठवड्यात उघडा पडंल. ती बसली तर मी सोमवारी मोरबीची गाडी धरंल. तिन्हीत मोरबी आहेच. एकात फक्त उशिरा.

समोरच्या सीटवरची बाई लेकराला दाणे सोलून देऊन राहिली. एक त्याला, एक आपल्याला.

२९ नोव्हेंबर, शनिवार. बाळापूर

काल फाट्याला उतरलो. बाबा घ्यायला आले होते. आई माझा हात हातात घेऊन बोटं दाबून बघत बसली.

आज बरोबर अकराला कॉम्प्युटर चालू केला, गिरणी चालू असताना. आधी मी. लाइट बारीक झाली, यूपीएस टिकटिकला, स्क्रीन हलली बी न्हाई! काय डबा आहे. मी मॅच हरलो. प्रिया मागं उभी होती. धूर फुटायच्या आधी एकदा हळूच म्हणाली, "थांब." मी थांबलो न्हाई.

मंग ती बसली. दोन मॅच, दोन्ही जिंकली. उठताना म्हणाली, नवीन डब्यामुळं बरं चालून राहिलं.

मशीनमुळं म्हणाली. माझ्यासाठी.

संध्याकाळी आई-बाबांना बाजूला घेऊन नागपूरचं सगळं सांगितलं. खाली भावसिंगची आई राहते ते बी. बाबांनी बारावीचं इचारलं. म्हणलं, पेपर झाल्यावर जायचं तिनं. आईनं इचारलं, अन् तू? मी म्हणलं, चहा ठेव.

प्रियाला काही सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ती न्हाई म्हणाली असती.

३० नोव्हेंबर, रविवार

अकराला कॅमेरे चालू झाले. मी खुर्चीत, ती खाली, लांब बाह्यांच्या शर्टात. भावसिंग म्हणाला, रत्नपाल, तयार का? मी म्हणलं, सकाळच्या मॅच माझ्या नव्हत्या भाऊ, हिच्या आहेत. अन् खुर्चीवरून उठलो. प्रिया माझ्याकडंच बघून राहिली होती, तिला धरून बसवलं.

 गिरणी चालू होती.

मंग भावसिंग म्हणाला, "कॅमेरा खाली कर जरा. पोरीचं तोंड दिसून न्हाई राहिलं."

केला.