एक रुपया दोन आण्यांचं प्रिन्सिपल

ता. २ नोव्हेंबर १९२७, बुधवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. मोठे कायदेपंडित ठेवतात. खालापुरात अजून कोणी ठेवत नाही.

कर्जतहून कोर्टाचा बेलिफ भिवाजी आला होता. कारण क्षुल्लक. गेल्या वर्षी मुंबईच्या एका बुकसेलरकडून 'दिवाणी कायद्याची गुरुकिल्ली' हप्त्यांवर मागवली, दोन खंड. पहिला हप्ता पाठवला. पुढचे राहिले, कारण वाचनात होतो. त्याने दावा लावला. समन्स आलं, त्यावर मी 'घेण्यास नकार' असं ठळक लिहून परत केलं. एवढ्याने दावा निकालात निघेल असा माझा अंदाज होता. तसा निघालाही, माझ्याविरुद्ध.

आता वॉरंट. मुद्दल नऊ रुपये. वर बेलिफाच्या येण्याजाण्याचा भत्ता एक रुपया दोन आणे.

ही आतून दहा रुपये दोन आणे घेऊन आली. हिच्याकडे पैसे कुठून येतात हा विषय क्षुद्र आहे. बाजूच्या बायकांच्या चोळ्या हौसेने शिवते, त्या काही ठेवून जातात. मी त्यातले नऊच पुढे केले. भत्ता देणार नाही म्हटलं. मी याला बोलावलं होतं का? भिवाजी म्हणाला, टिपणीसभाऊ, पुरी रक्कम दिलीत तरच पावती फाडतो, अर्धंमुर्धं घ्यायला नाय येत. मी म्हटलं, मग नका घेऊ. वॉरंटाची घडी करून गेला. नऊ रुपये मी कनवटीला लावले. ही काही तरी पुटपुटली. बायकांना प्रिन्सिपल कळत नाही.

ता. ५, शनिवार.
पहिल्या खंडात उत्तम पॉइंट सापडला. दार आतून बंद असलं तर बेलिफाला ते फोडता येत नाही. (पुढे 'परंतु' करून बरंच बारीक टाइपात आहे. उद्या वाचीन.) भिवाजी दहाला आला. मी कडी घालून आत श्वास रोखून बसलो. तो ओट्यावर बसला. खिडकीतून हिने त्याला चहा दिला, हे मला नंतर कळलं.

पाऊण तासाने जिजा चोळी न्यायला आली. हिने दार उघडलं. जिजाच्या मागोमाग भिवाजी. आपल्याच घरात कायद्याची ही अवस्था. आता भत्ता दोन खेपांचा झाला म्हणे. मी त्याला सांगितलं की तुमचा हिशोबच चुकीचा आहे. कर्जत-खालापूर नऊ मैल लावता, पायवाटेने सात भरतात. तो म्हणाला, मोजून दावा की. दाखवीनच.

ता. ८, मंगळवार. कर्जत.
पायवाट मोजली. दोन हजार पावलांचा मैल धरला. चार मैलांपर्यंत चोख. मग नागू गुराखी भेटला, काय भाऊ, कुठं चाललात सकाळी सकाळी म्हणाला, आणि आकडा गेला. उरलेलं अंतर अनुभवाने धरलं. सहा मैल सात फर्लांग.

कोर्टात अर्ज दिला. स्टॅम्प आठ आणे. लिहिणावळ चार आणे, कारण माझं अक्षर कारकुनाला लागेना. चहा, भजी, चपलेचा अंगठा, येताना टांगा. नऊ रुपयांतले दोन गेले. मूळ वादातल्या रकमेहून खर्च थोडा जास्त झाला आहे. पण निकाल लागला की सबंध जिल्ह्यातले बेलिफ माझं नाव घेतील.

ता. १४, सोमवार.
अर्ज रिजेक्ट. पायवाटेत दोन ओढे लागतात, पावसाळ्यात ती चालत नाही, म्हणून सडकच धरायची. हा नोव्हेंबर आहे हे कोर्टाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. उद्याची खेप धरून भत्ता आता तीन रुपयांवर गेला. आजच्या कर्जतच्या खेपेत आणखी एक रुपया गेला, कनवटीला सहा उरलेत. भिवाजी उद्या जप्तीला येणार. येऊ दे. दुसरा खंड फोडला आहे.

ता. १५, मंगळवार. दुपारी.
आजचा दिवस माझा.

भिवाजी दोन पंच घेऊन आला. घरभर नजर फिरवली. घेण्यासारखं दोनच: माझे ग्रंथ आणि हिचं शिवणाचं मशीन. मी दुसरा खंड उघडून धरला. माणूस ज्या धंद्यावर जगतो त्याचं हत्यार जप्त होत नाही! ग्रंथ हे माझं हत्यार. भिवाजीने मान्य केलं. म्हणाला, तशी ती रद्दीत पण कोन घेनार.

मग माझ्या कानाशी आला. भाऊ, हाच कायदा मशीनला लावा. घर बाईंच्या शिवणावर चालतंय असं बोला, मी तसं लिवतो, मग मशीनला आमाला हात नाय लावता येत. ही दाराआडून म्हणाली, एकदा हो म्हणा. दोनदा म्हणाली.

पंच ऐकत होते. टिपणिसांच्या घरात बाईच्या सुईवर चूल पेटते, हे पंचनाम्यात? पंधरवड्यात चौक गावापर्यंत बोभाटा झाला असता. मी स्वतः दौत ओढून लिहिलं: 'सदर यंत्र केवळ हौसेचे. आमच्या घरातील स्त्रिया मोलाने काम करीत नाहीत.' खाली वळणदार सही.

भिवाजीने कागद दोनदा वाचला. मग दोन हमालांनी मशीन उचललं. हमालीही माझ्याच नावावर. पण ग्रंथ वाचवले.

ता. १७, गुरुवार.
घरात शांतता आहे. अभ्यासाला उत्तम. शेजारच्या चिमाच्या मुलीचा झगा कापून तसाच पडलाय, चिमा दोनदा येऊन गेली. घरचं लग्न तोंडावर आहे म्हणाली. संध्याकाळी नुसती पेज.

लिलावात जुनं मशीन कोणी घेणार नाही. परत येईल. मग सर्व पूर्ववत.

ता. २१, सोमवार. कर्जतहून परत.
लिलावाला गेलो तो हमालीवर हरकत घ्यायला. दोन माणसांचं काम एकाने झालं असतं हा माझा पॉइंट. कारकुनाला समजावत होतो, एवढ्यात बाहेर तीनदा पुकारा होऊन मशीन गेलंसुद्धा. एकवीस रुपयांना.

मुद्दल नऊ आणि सगळा खर्च पावणेपाच वजा होऊन सव्वासात रुपये मला परत मिळाले. मी खूश झालो. कारकुनाला म्हटलं, घेणारा मूर्ख कोण? त्याने पावती वाचली. अंबाबाई विश्वनाथ टिपणीस.

ही बाहेर पायरीवर उभी होती. माझ्याआधी गाडीने आली होती. हिने हात पुढे केला. मी सव्वासात ठेवले. तेव्हा दिसलं, मनगटात पाटली नव्हती. माहेरची होती.

लाज वाटली. घरी येईपर्यंत वाटत होती. गाडीत हिच्याशी बोलायला दोनदा तोंड उघडलं, पण या बाबतीत काय म्हणतात ते ठाऊक नाही.

ता. २२, मंगळवार.
मशीन पहाटेपासून चालू आहे. चिमाकडचं लग्न परवावर आलंय, म्हणून बटणांचं काम माझ्याकडे दिलं. झग्याला सात लावली. सुई चार वेळा बोटात गेली. सगळी नीट बसली असं माझं मत होतं. हिने झगा उजेडात धरला, काजं मोजली, सहा भरली, आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

म्हणाली, उसवा.