बर्फ न टिकणारी जागा

४ जानेवारी
पोचलो एकदाचे बेटावर! मी आणि माझी आठ महिन्यांची उना. नवरा मासेमारीच्या जहाजावर आहे, फेब्रुवारीत येईल. टोमॅटोच्या काचघरात माझं काम सोमवारपासून. जमिनीतलं गरम पाणी नळांतून घरभर फिरतं, त्यामुळे बाहेर हाडं गोठली तरी उना नुसत्या झबल्यावर रांगते. रेक्याविकच्या कोंदट खोलीत तिची छाती सारखी भरायची. इथं ती बरी व्हावी, दुसरं काही मागणं नाही.

शेजारीण थोरगेर्दुर लगेच चौकशीला आली. सत्तरीची, जिभेला हाड नाही. "शहरातली ना तू? म्हणजे पावसुद्धा दुकानातला खाणारी!" उद्या ती मला गरम वाळूत काळा पाव पुरायला शिकवणार आहे.

५ जानेवारी
डब्यात पीठ, डब्यावर वाळू, वर आपल्या खुणेचा दगड. जमिनीच्या उष्णतेनं पाव रात्रभर भाजतो, दुसऱ्या दिवशी काढायचा. थोरगेर्दुरनं बजावलं, आपला दगड पाहिल्याशिवाय खणायचं नाही. बिनदगडाचा डबा लागला तर वाळू ओढून निमूट परतायचं. कुणाचा असतो तो, असं विचारलं. "तुझा नाही, एवढं पुरे."

६ जानेवारी
रात्रभर इतका बर्फ पडला, की गरम वाळूवरचेही सगळे दगड झाकलेले. उना पाठीवर रडत होती, मी घाईघाईत खणलं आणि पहिला लागला तो डबा उचलला. घरी येऊन पाहते तर डबा माझा नव्हेच. पण पाव असा मऊ, गोडसर, की मोह आवरला नाही. लोणी लावून चार तुकडे खाल्ले, उनालाही कुस्करून भरवला. थोरगेर्दुरला सांगायचा धीर झाला नाही.

८ जानेवारी
गरम वाळू सोडली तर सगळीकडे घोटाभर बर्फ, पण वाळूच्या अलीकडे एका जागी तो टिकत नाही. कुणी कुशीवर झोपावं, तेवढी आणि तशीच जागा. काचघरातले म्हणाले, जमिनीची ऊब सरकते कधी कधी. सरकत असेल. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही.

९ जानेवारी
जागा आमच्या कुंपणाच्या आत आली. डोकं, खांदा, मुडपलेले गुडघे, सगळं ओळखू येतं.

शेवटी थोरगेर्दुरला सांगून टाकलं. वाटलं होतं, तोंडसुख घेईल. तिनं फक्त विचारलं, "पोरीनंही खाल्लं?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिनं उनाकडे पाहिलंच नाही.

१० जानेवारी
त्याच डब्यात नवा पाव घालून जिथल्या तिथं पुरला. माफीही मागितली, मोठ्यानं, वेड्यासारखी. उनाला घेऊन निघून जावं, तर वादळामुळे बोट बंद.

११ जानेवारी
डबा दारात. पाव तसाच, न शिवलेला.
जागा खिडकीखाली. बोट उद्याही नाही—

१२ जानेवारी, सकाळ
नळ गरम, भिंती गरम. उनाचे हात गार. चोळतेय, छातीशी धरलंय, तरी—
थोरगेर्दुर दार उघडत नाही.
बाहेर आता दोन जागा. एक मोठी. तिच्या कुशीत एक हातभर. त्या छोटीवर बर्फ पडतोय आणि विरघळतोय, पडतोय आणि—
उना, डोळे उघड गं, बाळा, उघड—