पुढच्या सीटचा मान

१० ऑगस्ट, रविवार
उत्कर्षाचा फोन. लेक आणि जावई दोन वर्षं कोरियात, एकाच कंपनीत. दसरा झाला की आपण तिकडे जायचं. मी, सौ. आणि (इथे पेन थांबलं) जेऊरचे व्याही कुंडलिकराव. विहीणबाई वारल्यात, त्यांना एकटं कसं मागे ठेवायचं, असं लेकीचं म्हणणं. माणूस उजनीच्या पाण्यावर केळी पिकवतो. त्याला कोरिया कशाला?
एक मात्र चांगलं झालं. ती म्हणाली, बाबा, एक दिवस तुमचा. सेऊलपासून थोडं लांब जुन्या पद्धतीचं खेडं जपून ठेवलंय. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. प्लॅन सगळा तुम्ही करा.
सबंध नोकरी साहेबांचे दौरे आखण्यात गेली. एकही साहेब वाट चुकला नाही. एक चुकला, पण तो स्वतःच्या हट्टानं.

११ ऑगस्ट
संकल्प. पहाटे उठून होम मैदानावर चालणे. भजी बंद. व्याह्यांबद्दल वाईट बोलणे बंद. हा शेवटचा सौ.नं करायला लावला. लिहिण्यावर बंदी नाही.

१४ ऑगस्ट
चालायला गेलो नाही. पाऊस येईल असं वाटलं. आला नाही, यात माझा दोष नाही.
यूट्यूबवर ते खेडं बघितलं. गवताची छपरं, जातं, उखळ, अंगणात लोणच्याच्या बरण्या, एक बैल. लोक तिकीट काढून बैल बघतात. हे सगळं जेऊरला फुकट आहे. प्लॅन रद्द करणार होतो, तेवढ्यात सुचलं. व्याही तिथे बैलाच्या पाठीवर थाप मारणार, छपरातलं गवत उपसून बघणार. खेडवळ कोण आणि दौरा नेणारा कोण, हे उत्कर्षाला समोरासमोर दिसेल. हल्ली तिच्या तोंडी सारखं मामा असं म्हणाले, मामा तसं म्हणाले. सासऱ्याचं एवढं कौतुक. बाप काय म्हणाला, हे कोणी विचारत नाही. एक दिवस मिळालाय. त्या दिवशी तिला बाप दिसला पाहिजे. मला दुसरं काही नको.

२४ ऑगस्ट
तारीख ठरली. पंचांग काढून नीट बघितलं. ६ ऑक्टोबर, कोजागिरी.
उत्कर्षा म्हणाली, बाबा, तेवढा सोडून कुठलाही दिवस घ्या, त्या पौर्णिमेला इकडे मोठा सण असतो, पूर्वजांना पुजायला सगळे आपापल्या गावी जातात, रस्ते तुंबतात. मी विचारलं, सगळे गावी जातात ना? मग सगळं रिकामंच असणार. ती म्हणाली, बरं, दिवस तुमचा. पौर्णिमा काय असते ते मला शिकवायला निघालीय.

३१ ऑगस्ट
प्लॅन ग्रुपवर टाकला. चार पानं. दोरीवरचा खेळ, मुखवट्यांचा नाच, ढोलवाले, जेवण, विश्रांती. विश्रांतीच्या वेळी सावली कुठल्या बाजूला असेल तेही लिहिलं. व्याह्यांचं उत्तर: एक अंगठा. खाली केळीच्या घडाचा फोटो आणि शुभ सकाळ. तेव्हा दुपारची जेवणं झाली होती.

७ सप्टेंबर
व्याही व्हिसाच्या कागदांसाठी घरी आले. म्हणाले, "पाव्हणं, प्लॅन लई झ्याक हाय. मला काय समदा कळला न्हाय. तुमी म्होरं चाला, आमी मागनं येतो की." वरून गोड. आतून मला वाटाड्या म्हणाले. सौ.नं त्यांना आग्रह करकरून शेंगापोळी वाढली. मला एकदाही विचारलं नाही.
भजी खाल्ली. पाहुणा होता. त्यांनी दोनच घेतली, बाकीची काय टाकून द्यायची?

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
भांडण. गाडीत कोण कुठे बसणार ते ग्रुपवर टाकलं होतं. चालवणार जावई, म्हणजे अजिंक्य. पुढे मी. मागे सौ., उत्कर्षा आणि व्याही.
उत्कर्षाचा लगेच फोन. बाबा, मामांचा गुडघा मुडपत नाही, त्यांना पुढे बसू दे. मी म्हणालो, दौऱ्याचा प्रमुख पुढे बसतो. ती म्हणाली, हा दौरा नाही, बाबा. मी म्हणालो, मग मी येतच नाही. फोन आपटला. पोटच्या लेकीनं माझी सीट काढून घेतली, आणि तीही कोणासाठी?

२२ सप्टेंबर, घटस्थापना
शांतपणे विचार केला. रुसलो ते झकास झालं. लग्नात रुसायचा मान वरपक्षाचा. कुंडलिकराव स्वतः रुसल्याचं आठवत नाही, पण त्यांचे भाऊ जेवणाच्या पंगतीवरून रुसले होते आणि मी फेटा सावरत मांडवभर त्यांच्या मागे फिरलो होतो. मुलीच्या बापाला रुसायला मिळतं कुठे? आता माझी पाळी.
रीत साधी आहे. पहिल्या मनधरणीला ढिम्म राहायचं. दुसऱ्या वेळी उसासा टाकायचा. तिसऱ्या वेळी, बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याला किंमत राहत नाही.

२४ सप्टेंबर
व्याह्यांचा फोन. पहिली मनधरणी. "पाव्हणं, तुमीच बसा की म्होरं. मी मागं पाय आडवा टाकून बसतो, न्हायतर डिकीत टाका मला." मी ढिम्म. म्हणालो, प्रश्न सीटचा नाही, तत्त्वाचा आहे. ते म्हणाले, "बरं. तुमच्या मनाविरुद आमचं काय बी म्हननं न्हाय."
छान चाललंय.

२५ सप्टेंबर
फोन नाही. जेऊरला रेंज नसते.

२६ सप्टेंबर
खात्री करायला मीच लावला. रेंज आहे. त्यांनी उचलायच्या आत कट केला.

२७ सप्टेंबर
उत्कर्षाचा फोन. म्हणाली, बाबा, खरंच येणार नाही? तिकीट रद्द करायचं तर आजच करावं लागेल. ही दुसरी मनधरणी. उसासा टाकला. ती म्हणाली, उसासा नको, हो की नाही ते सांगा. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, ठीक आहे बाबा. आवाज बसला होता. तिसरीची तयारी करत असणार.
संध्याकाळी मेल आला. माझं तिकीट रद्द. दबाव टाकायची ही एक पद्धत. तिकीट पुन्हा काढता येतं.

३० सप्टेंबर
सौ.ची बॅग भरून झाली. विचारलं, मला सोडून एकटी जाणार? म्हणाली, "एकटी कुठं, कुंडलिकराव हायत की." वर आणखी म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमी रुसताय आणि मी समजूत काढतीय. आता थोडे दिवस सुट्टी द्या की मला." नवरात्राचा उपास असून जीभ एवढी चालते.

२ ऑक्टोबर, दसरा
व्याही मुक्कामाला आले. उद्या पहाटे मुंबईसाठी जीप. मला आपट्याचं सोनं दिलं, मिठी मारली. मी मिठी लवकर सोडली नाही. माणसाला बोलायला वेळ मिळावा. ते कानाशी म्हणाले, "घराकडं ध्यान ठिवा, पाव्हणं." मी वाट बघत उभा राहिलो. ते जेवायला बसले.

३ ऑक्टोबर
गेले. जीप आमच्या भवानी पेठेच्या कोपऱ्यावरून वळली. टेंभुर्णीला चहाला थांबतील, तिथे मन बदलेल, परत फिरतील. बूट घालूनच बसलो. दुपारी सौ.चा मेसेज, लोणावळा आलं.
बूट काढले.

४ ऑक्टोबर
पोचले. फोटो आला. उत्कर्षा आईच्या गळ्यात पडून रडतीय. मोठा करून बघितला. वाळलीय पोरगी. फोनवर तोंड दिसतं, पण डोक्यावरून हात फिरवता येत नाही. मी तिथे पाहिजे होतो.
असो. परवा खेड्याचा दिवस. चार पानांचा प्लॅन आहे, माझ्याशिवाय तो कोणाला झेपत नाही. फजिती झाल्याशिवाय माझी किंमत कळायची नाही. होऊ दे.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
दिवसभर ग्रुपवर कोणी काही टाकलं नाही. ओळखलं. आनंदानं दोनदा चहा घेतला.
संध्याकाळी उत्कर्षाचा फोन. सकाळीच निघाले होते. सगळा देश गावी निघालेला, खेड्याचा रस्ताही तोच. गाडी मुंगीच्या पावलानं. शेवटी अर्ध्या वाटेवर हायवेच्या थांब्यावर गाडी घातली आणि खेडं न बघताच परत फिरले. माझ्या ओठावर आलं, मी नसलो की असंच होतं. पण तिला बोलायची फार घाई होती. तिथे हिरवळीवर चादर टाकली म्हणे, कडक भाकरी आणि चटणी काढली. शेजारी एक कोरियन कुटुंब अडकलेलं. त्यांच्या आजीनं यांना तांदळाच्या पिठाच्या गोड करंज्या दिल्या. मामांनी आजीला शेंगाची चटणी चाखवली. आजीच्या डोळ्यांतून पाणी, मामा हात जोडून माफी मागतायत, आजी पुन्हा चटणीच मागतीय. हे सांगताना ती इतकी हसत होती की मध्ये मध्ये शब्द कळत नव्हते.
मी विचारलं, पुढे कोण बसलं?
"आई. मामाच म्हणाले, विहीणबाई कधी म्होरं बसल्या नसतील, आज बसू द्या त्यांना."
खरंय. कधी बसली नाही. मी कधी विचारलं नव्हतं.
मग ती म्हणाली, बाबा, खरं सांगू का, इथे आल्यापासून एवढा चांगला दिवस गेला नव्हता. दिवसभर कोणी भांडलं नाही.
मला यायचं होतं गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवते हां बाबा. मामांच्या गुडघ्याला शेक द्यायचाय." आणि ठेवला.
गुडघा खरंच दुखत असावा.