डाव्या बगलेची धार

९ जून

प्रिय ताई,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागतो. वेळ मिळाला नाही असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. वेळ होता. तू आणि भावोजी बरे असाल. इकडे ठीक. लाकडाच्या कातकामाच्या माझ्या वर्गात यंदा अकराजण आहेत. लेथचा पट्टा बदलल्यापासून त्याची कुरकुर थांबली. माझी चालूच आहे, असं हिचं मत.

अवजारांना माणसांची नावं द्यायची बाबांची खोड मी वर्गातही चालवली आहे. भिंतीवर नावांचा तक्ताच लावलाय. सगळ्यात जाड पटाशी अजून 'आत्या', कारण ती कसल्याही ओबडधोबड ओंडक्याला वळणावर आणते. आणि पटाशी रुतून लेथवरचा वाडगा उडून भिंतीवर आदळला की सगळे ओरडतात, "भावोजी आले!" भावोजींनी लग्नानंतर पहिल्यांदा लेथला हात लावून वाडगा उडवला, तो दिवस यातल्या कुणीच पाहिलेला नाही, तरी तक्त्यावर भावोजी आहेतच. बाबांचा नियम एकच होता: आपलं नाव आपण लावायचं नाही, इतरांनी लावायचं. मी तो नियम पाळला आणि त्याच्याच आड बसलो.

मंगळवारी वर्गात एक नवीन बाई आली. शिवणकाम करते, डावखुरी आहे. तक्त्यावर 'मास्तरची धार' वाचून तिने ती गोल पटाशी हातात घेतली, उलटसुलट फिरवली.

"मास्तर, तुम्ही तर उजवे. मग धारेची डावी बगल, ही बाजू, इतकी मागे घासायचं तुम्हाला सुचलं कसं? ही माझ्या हाताची आहे."

मी म्हणालो, "सुचलं असंच, काम करता करता."

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मंगळवारी विचारलं, आणि मी सरळ खोटं बोललो.

बाबा जेवायला गेले की तू तुझ्या डाव्या हातासाठी ती धार काढायचीस. परत आल्यावर ते म्हणायचे, "हात वाकडा म्हणून हत्यारही वाकडं करते कार्टी!" आणि पुन्हा नेहमीसारखी घासून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तुझं पुन्हा तेच. दोघांच्या हट्टात ती पटाशी बोटभर उरली. तू सासरी गेल्यावर तिच्यावर तुझीच धार राहिली होती, ती मी सहज वापरून पाहिली. वाडग्याचा तळ एकाही ओरखड्याशिवाय निघाला. मग नवी पटाशी तशीच घासून घेतली. पुढे शिकणारे तिला 'मास्तरची' म्हणू लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे एक वाक्य लिहायला तीन कागद गेले.

चार वर्षांपूर्वी तू वर्ग बघायला आलीस, तेव्हा तक्त्यासमोर बराच वेळ उभी होतीस. म्हणालीस, "छान. माझा नवरा आहे, माझा भाऊ आहे. तक्ता जरा मोठा हवा होता." मी हसलो. तू अर्धा चहा तसाच ठेवून निघालीस. तू गंमत केलीस असं मी धरून चाललो, कारण ते सोयीचं होतं. तू दुखावलीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई.

आज दुपारी 'ताईची धार' असं लिहूनही पाहिलं. मग लक्षात आलं, मी पुन्हा तुला न विचारताच ठरवतोय. शिवाय ताई तू फक्त माझी. वर्गासाठी तू लेथवरची कारागीर आहेस. त्या धारेला काय म्हणायचं ते तू कळव. काहीच म्हणू नका म्हणालीस, तरी चालेल. आणि उत्तर दिलं नाहीस, तर ती जागा कोरी ठेवीन.

इतकी वर्षं तुझ्या धारेवर काम केलेला,
तुझा भाऊ

स्वतःसाठी, उद्या: वर्ग पूर्ण भरला की तक्त्यावरचं 'मास्तरची' सगळ्यांदेखत खोडणे.