अकरा महिन्यांचा नवरा

बोईसर, सोमवार

तीर्थस्वरूप उषाताईस,

सुजितचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). दाजींचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत असते. पण मी कंपनीत कागदपत्रं तपासणारा माणूस, खोटी नोंद माझ्या हातून होत नाही. येत्या रविवारी मला घर खाली करायचं आहे. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोनची नोंद राहत नाही.)

घाबरू नकोस, सगळं सांगतो. आमच्या औषधांच्या कंपनीत जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं मानतात. पंधरा वर्षं हेच करून माझं डोकंही तसंच झालंय. गेल्या वर्षी पाण्याची मोटर कुणी बंद करायची यावरून वर्षाराणीशी वाजलं, आणि घरकामाचा करार लेखीच करायचा असं मी ठरवलं. पालघरला कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे नवरा-बायकोचा नमुना नव्हता (शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता). भाडेकराराचा होता. मी त्यातच कामांची यादी घुसवली आणि बायकोचा मान म्हणून पहिलं नाव तिचं घातलं. ते पडलं मालकाच्या रकान्यात. उरलेल्या, भाडेकरूच्या रकान्यात मी. मुदत अकरा महिने, आणि मुदत संपताच भाडेकरूने जागा विनातक्रार खाली करावी. दुसऱ्याची खाडाखोड दुरून ओळखणाऱ्या तुझ्या भावाने स्वतः सही करताना एक ओळ वाचली नाही.

वर्षाराणीने सगळ्या वाचल्या. दुसऱ्या दिवसापासून ती अगदी कलमाप्रमाणे वागू लागली. पोळ्या करारात होत्या, त्या मिळतात. वरचं तूप नव्हतं, ते बंद. मोटर मात्र वेळेवर बंद होते, हे मान्य करायला हवं. पण ताई, मी पहाटेच्या शिफ्टला निघालो की ती गॅलरीत उभी राहायची, कंपनीची बस वळेपर्यंत. इतकी वर्षं मी साधा हातही केला नाही. आता गॅलरी रिकामी दिसली की मला रडू येतं, आणि बसमध्ये शेजारच्याला मी केमिकलचा धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगतो.

नोटरीला विचारलं, कंपनीच्या वकिलाला विचारलं. दोघेही पोटभर हसले आणि म्हणाले, कागदाला अर्थ नाही, पण बायकोशी वाद घालू नका. मग मुरबे गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या साखरबाईंना गाठलं, कारण साक्षीदार म्हणून सही त्यांचीच आहे. त्या म्हणाल्या, "मी सई केली हाय, दादा. आता रविवारी तुमी खोली खाली करा. नायतर माज्या सईला काय किंमत?" वर्षाराणी शेजारी बसून बोंबील निवडत होती. काल तिने माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

तुझा (रविवारपर्यंत तरी याच पत्त्यावरचा) धाकटा भाऊ,
सुजित

ता. क. : खरं काम राहिलंच. शनिवारी इकडे ये. नवा करार तयार आहे, साक्षीदार हवा. या वेळी मुदत घातलेली नाही.

ता. क. (अक्षर माझं, वर्षाराणीचं) : वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. नोटरीला विचारून झालं, वकिलाला झालं, साखरबाईला झालं, आता तुम्हाला. रविवारनंतर राहू का, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही राहायला जरूर या, पण हे त्यांना सांगू नका, त्यांचं त्यांना सुचू दे. मी रविवारपर्यंत वाट बघते. नाहीच सुचलं, तर सोमवारपर्यंत.