कोंबडीच्या पोटातलं वऱ्हाड

बिन्ह दुओंग
४ डिसेंबर १९९८

ती. लुयेनताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नकोस. मी आजारी नाही, पैसे नकोत, आणि नोकरीही सुटलेली नाही. ही तिसरी आहे, लाकडी खुर्च्यांच्या कारखान्यातली, आणि सहा महिने टिकलोय, हे भावोजींना मुद्दाम सांग. मला फक्त एक चित्र हवंय. हस, पोटभर हस. तीन वर्षांपूर्वी ज्यानं बाबांना तोंडावर सांगितलं होतं की आता लोक भिंतीला कॅलेंडरं लावतात, तुमच्या कोंबड्या-डुकरांना कुत्रं विचारत नाही, त्यालाच आता कोंबडी हवी आहे. आपली नेहमीची, दहा पिल्लांची.

कारखान्यात सुओंग नावाची मुलगी आहे. खुर्च्यांच्या पायांना पॉलिशपेपर मारते, आणि बोलायला लागली की माणसालाही मारते. मागच्या रविवारी आम्ही सायगावला गेलो. एका कॉफीच्या दुकानात बघतो तर भिंतीवर काचेआड आपल्या गावची चित्रं! डुकरीण, बेडकांची शाळा, कोंबडी, सगळी. सुओंग खुळ्यासारखी बघत राहिली. म्हणाली की असलं गमतीदार काही घरात असलं की माणूस भांडून आला तरी हसेल. मी बोलून गेलो की ही माझे बाबा करतात. मग काच सरकवून बोट लावलं तर कागद गुळगुळीत, आपल्या कागदाला असते ती शिंपल्याच्या भुकटीची चमकच नाही! मशीनवर छापलेली. मी मालकाला तसं सांगितलं. त्यानं आम्हाला दार दाखवलं. येताना बसमध्ये सुओंग सबंध वेळ टोचत होती, की एवढा चित्रकाराचा पोर, मग खोलीत भिंतीला बुरशीशिवाय काही का नाही?

खरा घोळ पुढं आहे. तिचे वडील २४ जानेवारीला माझी खोली बघायला येणार आहेत. नदीवर होडी चालवण्यात जन्म गेलाय त्यांचा. इकडं दक्षिणेत माणसाला जन्माच्या क्रमानं हाक मारतात, म्हणून ते साउकाका, म्हणजे सहावे. त्यांनी निरोप धाडलाय की ज्याच्या भिंतीवर काही नाही त्याच्या मागं कुणी नाही, आणि असल्या पोराला मुलगी द्यायची नाही. नाही पटलं तर फेब्रुवारीत आपल्या नववर्षाला तिला गावी नेतील ते परत न पाठवण्यासाठीच.

तेव्हा एक कोंबडी पाठव. बाबांना कुणासाठी ते सांगू नकोस.

कळावे, लोभ असावा. नसला तरी चित्र असावं.

तुझा,
दोआन


बाक निन्ह
१३ डिसेंबर १९९८

चि. दोआन यास,
अनेक आशीर्वाद. (कान हातात धरून दिलेत असं समज.)

तीन वर्षांत चार पत्रं, आणि चौथ्यात हुकूम. सुओंगला माझा नमस्कार सांग, आणि पॉलिशपेपर असाच चालू ठेव म्हणावं. आम्हाला जे जमलं नाही ते तिला जमेल.

बाबांना सांगू नको म्हणतोस. अरे, या घरात कुणाला न सांगता कोंबडी निघते का? मी माळ्याकडं नुसती शिडी लावली तर खालून आवाज आला, कुणाला हवंय. मी सांगितलं. बाबा हातातलं टाकून उठले. मग स्वतः शिडी चढले, मला हात लावू दिला नाही, आणि गठ्ठ्यातून बारा कागद काढून दोरीनं बांधून दिले. सोबत पाठवते आहे.

उघडशील तेव्हा ओरडू नकोस. कागदांवर फक्त रंग आहेत. लाल, हिरवा, पिवळा, सगळे लागलेत, सगळ्यात शेवटी लागणारा रेघांचा काळा ठसा तेवढा लागलेला नाही. दीड वर्षापासून या घरात काळा लागलेलाच नाही. बाबांचं एकच म्हणणं, काळा दोआनचा. चौदाव्या वर्षापासून तोच लावतोय, तोच लावील. मी म्हटलं, मी लावते. तर म्हणाले, तू आपल्या कागदी मोटारसायकली सांभाळ.

मोटारसायकलींचं म्हणशील तर बरं चाललंय. मेलेल्यांच्या नावानं जाळायला यंदा मोटारीही लागतात. तुझ्या भावोजींनी काल एक दुमजली कागदी घर केलं, आत कागदी फ्रीज. सगळा गाव आता जाळायच्याच वस्तू करतो. भिंतीला चिकटवायच्या वस्तू करणारे एक बाबा राहिले, आणि तेही काळ्यापाशी येऊन थांबलेत.

जेवणात साखर घालतात म्हणे तिकडं. तरीच पत्रं अशी चिकट येतात.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही. अक्कल मागत जा.

तुझी ताई,
लुयेन


बिन्ह दुओंग
२२ डिसेंबर १९९८

ती. ताईस,
शि. सा. न.

कागद पोचले. ताई, याला मी चित्र म्हणू? बारा कागद, आणि बाराही कागदांवर नुसते डाग. इथं लाल, तिथं हिरवा, मध्ये पिवळं काहीतरी सांडल्यासारखं. रेघ नाही, डोळा नाही, चोच नाही. सुओंगनं एक कागद उजेडाला धरला, चमक बघून म्हणाली की कागद सुंदर आहे, यावर कुणाचं जेवण सांडलं? शेजारच्या खोलीतल्या वेल्डरनं तर विचारलं की बाळाचा लंगोट आहे का.

साउकाकांना हे दाखवू? सांगू, की काका, यात कोंबडी आहे, पण ती माझ्या बाबांच्या रागाआड बसली आहे?

एवढा हट्ट! दीड वर्ष गठ्ठे माळ्यावर कुजवायचे, पण काळ्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. बाबांना सांग, मी हरलो. कॅलेंडरवाल्या पोरी हरल्या. त्यांची कोंबडी जिंकली. आता तरी काळा लावून एक कागद पाठवा.

चिडलेला पण नम्र,
दोआन


बाक निन्ह
३ जानेवारी १९९९

चि. दोआन यास आशीर्वाद,

पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, लंगोटासकट. लंगोटाला त्यांच्या मिशा हलल्या. मग म्हणाले की पोराला काळा हवा असेल तर पोरानं लावावा, हात काय कारखान्यात विकलेत का. उठले, ठशांच्या फडताळापाशी गेले, फळ्यांवरून बोटं फिरवत कोंबडीचा ठसा काढला आणि माझ्या हातात दिला.

म्हणून हे पार्सल. ठसा जुन्या धोतरात गुंडाळलाय. पणजोबांनी कोरलेला आहे, त्यावर भाजी चिरलीस तर मी दक्षिणेत येऊन तुला चिरीन. बरणीत काळा आहे, बांबूच्या पानांची राख, वर्षभर भिजलेली. वास येईल. टपालातल्या बाईनं मला दोनदा विचारलं की आत काही मेलंय का. चिकट तांदळाची खळ तिथंच शिजव. घोसाळ्याची जाळी घातली आहे, नाहीतर कागदाची पाठ घासायला सुओंगचा पॉलिशपेपर घेशील.

तू विचारशील की बाबांनी स्वतः का नाही लावला. मलाही विचारून विचारून कंटाळा आलाय. तो प्रश्न तू इथं येऊन विचार.

तुमच्या दोघांच्या मधली शिडी झाले आहे मी. दोघंही पाय देता आणि कुणी वर चढत नाही.

ताई


बिन्ह दुओंग
१७ जानेवारी १९९९

ताई,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. हात काळे आहेत.

सकाळपासून खोलीच्या फरशीवर बसलो होतो. बरणी उघडली तशी घरमालकीण नाक धरून आली, म्हणाली की ड्रेनेज फुटलंय. खळ केली, काळा कालवला, त्यात भिजवलेलं फडकं गादीसारखं पसरलं. मला वाटलं होतं विसरलो असेन. हात विसरले नव्हते. ठसा त्यावर दाबला, कागदावर ठेवला, उलटा केला, जाळीनं पाठ घासली, कोपरा धरून कागद सोलला.

आणि बघतो तर काय, कोंबडीच्या पाठीतून हिरवी छत्री उगवली आहे! पोटात लाल घोडा. एका पिल्लाच्या डोक्यावर निशाण. दुसऱ्याला शेपटीऐवजी पालखीचा दांडा. मी दुसरा कागद घेतला, तळातून तिसरा घेतला. तेच. ताई, हे कोंबडीचे कागद नाहीतच. हे आपल्या दुसऱ्या चित्राचे, उंदराच्या लग्नाचे रंग आहेत! छत्री, घोड्यावरचा नवरदेव उंदीर, मागं पालखी, पुढं मांजराला नजराणा घेऊन जाणारे, सगळे आपापल्या जागी आहेत, वरून माझी कोंबडी बसली आहे.

आधी मला राग आला. म्हटलं, मुद्दाम केलं म्हाताऱ्यानं. मग स्वतःचा आला, की महिनाभर हे डाग उशाशी घेऊन झोपलो आणि ओळखले नाहीत. पण मी काय, मी जन्मभर रेघेकडंच बघितलं. बाबांचं तसं नाही. ते नुसता हिरवा बघून सांगायचे, हे कुठलं चित्र आणि कुठल्या वर्षीचं. त्यांनी हे कागद स्वतः काढून बांधले, असं तूच लिहिलंस. आणि ठसा बोटं फिरवून शोधला, तेही तूच लिहिलंस. मी तेव्हा वाचून पुढं गेलो.

ताई, ठसा बोटांना कळतो. रंग कळत नाही.

बाबांना दिसत नाही ना?

किती दिवस झाले, आणि मला का कळवलं नाही, हे आधी लिही. बाकी आशीर्वाद नंतर दे.

दोआन


बाक निन्ह
२५ जानेवारी १९९९

चि. दोआन,

दीड वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी त्यांचा काळा नीट बसेना, रेघ रंगाच्या बाहेर जायला लागली. तेव्हापासून काळा दोआनचा हे पालुपद सुरू झालं. मीही आधी तो राग आहे असंच समजत होते. एक दिवस चहा कपाच्या शेजारी ओतला, तेव्हा कळलं.

हानोईच्या डॉक्टरांनी सांगितलंय की ऑपरेशन केलं तर दिसेल, फार उशीर करू नका. बाबा जात नाहीत. म्हणतात, बघायला आहे काय, शेजारची कागदी मोटार? तुला लिहायचं नाही अशी शपथ घातली. म्हणाले, यायचं तर त्यानं आपल्या पायांनी यावं, आंधळ्याची कीव करून नको. तू एक हट्टी, ते दुसरे. आणि मी? मला कुणी विचारलंय का, लुयेन, तुझा हट्ट काय आहे?

कागद मी तपासायला हवे होते. पण त्या दिवशी ते शिडीवरून उतरले तेव्हा चेहरा असा होता की दोरी सोडवायचा धीर झाला नाही. रंगांची चूक झाली हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. काय सांगू ते तू सांग.

आणि काल साउकाका येऊन गेले असतील. भिंतीवर काय लावलंस? लवकर लिही, इथं माझा जीव टांगलेला आहे.

ताई


बिन्ह दुओंग
१ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस आणि (हे त्यांना वाचून दाखवू नकोस तरीही) ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तेच लावलं. दुसरं होतं काय? बारापैकी जे कमी भयंकर होतं ते खळीनं भिंतीला चिकटवलं, बुरशीच्या बरोबर वर.

साउकाका आले. चपला काढल्या, नारळाच्या वड्या ठेवल्या, आणि भिंतीसमोर उभे राहिले. सुओंगनं माझा हात एवढा दाबला की अजून दुखतोय. काका खूप वेळ बघत होते. मग खांदे हलायला लागले, मग खोकला, मग खाली बसले आणि हसता हसता म्हणाले की पोरा, तुझ्या कोंबडीनं अख्खं वऱ्हाड गिळलंय! मग डोळे पुसून विचारलं की ही गंमत कुठल्या गाढवाची.

मी म्हणू शकलो असतो की आमच्याकडं अशीच करतात. जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की रंग बाबांचे, रेघ माझी, बाबांना बहुतेक दिसत नाही, आणि मला ते परवा या कागदावरून कळलं.

काका हसायचे थांबले. चहा संपवला. मग म्हणाले की तुझ्या मागं माणूस आहे हे दिसलं. त्याच्या मागं कोण आहे?

ताई, मी घरी यायचं ठरवलं ते तिथंच.

निकाल असा आहे. सुओंगला ते नववर्षाला गावी नेतायत, पण परत पाठवणार आहेत. नववर्षानंतर आपण सुपारी घेऊन त्यांच्या दारात जायचं. अट एकच, तबक वडिलांच्या हातात हवं, आणि वडिलांनी मुलगी डोळ्यांनी बघून पसंत करायला हवी. ऐकलेली चालणार नाही. निघताना उरलेल्यातलं एक चित्र मागून घेतलं, होडीत लावायला. सुओंगनं दुसरं घेतलं. म्हणते, असलं चित्र त्या कॉफीवाल्याच्या बापाकडंही नाही.

कारखान्यातून महिन्याची सुट्टी घेतली आहे. देतो म्हणाले नाहीत, मी घेतली. भावोजींना सांग की सहा महिने टिकल्याची नोंद खोडा. नववर्षाआधीच्या तेवीसच्या तिथीला, चुलीचे देव स्वर्गात जातात त्या दिवशी, मी घरी पोचतो. ठसा परत आणतोय, भाजी चिरलेली नाही.

भिजलेला काळा काढून ठेव, भरपूर. माळ्यावर कोंबडीचे रंग उरले असतील, ते मी बघतो. बाबांना एवढंच सांग की दोआन काळा लावील, सगळ्या गठ्ठ्यांना लावील, पण ज्याला तो नीट बसलाय की नाही हे दिसतं, अशा माणसासमोरच लावील. तो माणूस हानोईहून येईपर्यंत ठशाला हात लावणार नाही. हट्ट तर हट्ट. मी कुणाचा पोर आहे?

रंगांची चूक मात्र सांगू नकोस. एक कागद मी नळीत घालून आणतोय. पट्टी सोडतील तेव्हा तोच पहिला समोर धरणार आहे. छत्री बघतील, घोडा बघतील, कोंबडी बघतील, आणि मग असे ओरडतील की शेजारची दुमजली घरं पडतील. म्हणतील, गाढवा, डोळे फुटले होते का तुझे?

तीन वर्षं झाली ताई, नीट शिव्या खाल्ल्या नाहीत.

लोभ ठेव, आणि शिडी धरून ठेव. येतोय.

तुझा,
दोआन