केजचा पेपर, कारखान्याची जीप

शुक्रवार, दिवेलागण

सुवर्णा, मी सांगते ते वहीत लिही, पण वर तारीख टाकलीस का? कालबी विसरलीस, अन् म्हणे नातसून बारावीला बसली.

उद्या हिचा इंग्रजीचा पेपर, केजला. दिवसभर वाक्यं उलटवत होती. 'रामानं ऊस तोडला', त्याचं 'ऊस रामाकडून तोडला गेला'. ऊस तुटला की झालं, पण न्हाई. मला अक्षर येत न्हाई, तरी चूक मीच धरते. चुकली की ही पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरते. आज दहा वाक्यांत दोनदाच उकरली.

मग साखर कारखान्यावरनं रामाचा, माझ्या नातवाचा, फोन आला. "आज्जे, उद्या सकाळच्या जीपनं सुवर्णाला धाड. नवरा-बायकोच्या जोडीशिवाय मुकादम ऊसतोडीला लावत न्हाई."

त्याचंबी खोटं न्हाई. विहीर कोरडी, रानात काही न्हाई. सुवर्णाचा अंगठा जमीन उकरत होता, अन् वाक्य तर कुठलंच नव्हतं.

मी "बघते" म्हणाले. कशापायी म्हणाले? भ्याले का? हो, भ्याले.

पेन थांबवू नको, लिही. सकाळी जीपवाल्याजवळ रामासाठी ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी अन् भाजलेले शेंगदाणे धाडायचे. जीपमधे बसवायचं ते तेवढंच.